वऱ्हाडचा कापूस आणि आगगाडीचा अंदाज

नकाशा पुढे घेऊन बसा आणि भुसावळपासून नागपूरपर्यंत रुळांवरून बोट फिरवा. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी गावे एकामागून एक बोटाखाली येतील. या ओळीत दोन नावे मात्र तुम्हांला सापडणार नाहीत. एक खामगाव आणि दुसरे अमरावती. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या पेठा म्हणून ज्यांचे नाव घेतले जाई, त्यांत ही दोन गावे अगदी पुढची. आणि कापसाच्या ओढीने जो लोहमार्ग आला, तो नेमका या दोघांना बगल देऊन गेला! अमरावती सहा मैल बाजूला राहिली, खामगाव आठ मैल. असे काहून झाले, हा प्रश्न वऱ्हाडी माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे एक जुनी, पण अजून न संपलेली गोष्ट हाती लागते. उद्याचा माल किती, तो कुठून येणार, कुठे जाणार, भाव काय असणार, यांतले काहीच ठाऊक नसताना शंभर वर्षे टिकणारे रूळ कुठे टाकायचे, हे ठरवणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे.

आगगाडीच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. तोही मुंबईकडे नव्हे, तर उत्तरेकडे. अमरावतीहून पाचशे मैलांहून लांब गंगेकाठच्या मिर्झापूरला, आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचे ओझे कापूस रवाना केला, अशी नोंद गॅझेटिअरात आहे. एक लाख बैल! त्यांचा चारा, त्यांचे पाणी, त्यांच्या मागची माणसे, सातपुड्याच्या घाटातली वाट, नद्यांचे उतार. आणि एवढे करून पावसाच्या आत पोचले पाहिजे, नाहीतर काळ्या मातीत पाय रुततात आणि पाठीवरचा कापूस भिजून काळा पडतो. पुढे मुंबईचे व्यापारी या कापसाकडे वळले, आणि गाड्यांचे तांडे खानदेशातून थळ घाटाकडे उतरू लागले. मुंबईच्या बाजारात या मालाला नाव पडले ‘उमरा’. उमरावती म्हणजे अमरावती, तिचा हा गोऱ्या जिभेने केलेला संक्षेप. लिव्हरपूलच्या दलालाला अमरावती कुठल्या दिशेला आहे हे सांगता आले नसते, पण ‘उमरा’ काय भावाने सुटला ते त्याला ठाऊक असे.

या कापसावर डोळा ठेवून जॉन चॅपमन नावाचा एक इंग्रज गृहस्थ १८४५ च्या सुमारास मुंबईस आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्या बोलण्यातली जी. आय. पी., या कंपनीच्या मूळ प्रवर्तकांपैकी हा एक. कापूस आणि हिंदुस्थानचा व्यापार यांवर त्याने १८५१ साली एक पुस्तकही लिहिले. कंपनीच्या पहिल्या योजनेत रूळ कुठून जाणार होते, हे ऐकून आज नवल वाटेल. मुंबईहून माळशेज घाट चढून वर जायचे, आणि तिथून एक फाटा अमरावती-नागपूरकडे काढायचा, दुसरा हैदराबादेवरून थेट पूर्व किनाऱ्याला भिडवायचा. तसे झाले असते तर आगगाडी वऱ्हाडात पश्चिमेकडून, तापीच्या खोऱ्यातून न येता दक्षिणेच्या डोंगरांवरून उतरली असती. अकोल्याचे काय झाले असते आणि भुसावळ हे नाव आज कोणाच्या तोंडी असते की नाही, हे सांगणे कठीण आहे.

माळशेजची योजना मोडली ती जेम्स जॉन बर्कली या मुख्य इंजिनिअराने. त्याने सह्याद्रीचे घाट पाहिले, मोजले, आणि माळशेज सोडून दोन घाट निवडले: ईशान्येकडे जाण्यासाठी थळ, दक्षिणेकडे जाण्यासाठी बोर. थळ घाटातून वर आल्यावर इगतपुरी, नाशिक, मनमाड, चाळीसगाव करीत तापीच्या खोऱ्यात उतरायचे, आणि भुसावळपाशी मार्ग दुभंगायचा. एक डावीकडे खांडव्यावरून जबलपूरला, तिथे ईस्ट इंडियन रेल्वेला मिळून कलकत्त्याला जाणार. हा मुख्य मार्ग. दुसरा उजवीकडे वऱ्हाडातून नागपूरला. ही शाखा. कंपनीच्या हिशेबी वऱ्हाडचा मार्ग हा शाखा होता, हे ध्यानात ठेवा. त्याची गंमत पुढे येणारच आहे.

आता असे समजा की तुम्ही १८५५ साली या कंपनीच्या कचेरीत बसला आहात. तुमच्यापुढे आकडे काय आहेत? मागल्या चार-दोन वर्षांत किती कापूस मुंबईत उतरला, त्याचे कोष्टक. नाक्यांवरून गेलेल्या गाड्यांचे आणि बैलांचे हिशेब. कलेक्टराने पाठवलेला पेऱ्याचा अंदाज. यांतून तुम्हांला पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या मालाचे अनुमान काढायचे आहे. वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला तो १८५३ साली, म्हणजे जेमतेम दोन वर्षांपूर्वी. तिथे जमीनमहसुलाची घडी अजून बसायची आहे. गाडी आली म्हणजे शेतकरी ज्वारी काढून कापूस पेरील का? पेरील तर किती? अमेरिकेचा कापूस स्वस्त आणि लांब धाग्याचा, त्याच्यापुढे आपला आखूड धाग्याचा माल कोण घेणार? यातल्या एकाही प्रश्नाला कोष्टकात उत्तर नव्हते.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली एक भेद दाखवून दिला, तो इथे उपयोगी पडतो. काही गोष्टी अनिश्चित असतात, पण त्यांचे प्रमाण मोजता येते. दहा वर्षांत पाऊस किती वेळा ओढ देतो हे जुन्या नोंदींवरून काढता येते. त्याला त्याने जोखीम म्हटले. काही गोष्टींचे प्रमाणच काढता येत नाही, कारण तशी गोष्ट पूर्वी कधी घडलेलीच नसते. ती खरी अनिश्चितता. वऱ्हाडात पाऊस कमी पडणे ही पहिल्या जातीची गोष्ट. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांत युद्ध पेटणे ही दुसऱ्या जातीची. मालगाडीचा मार्ग आखणाऱ्याला या दोन्हींशी गाठ घालावी लागते, आणि बहुतेक वेळा तो पहिलीचा हिशेब मोठ्या काळजीने करतो व दुसरीपुढे हात जोडतो.

कंपनीने हात जोडले नाहीत, कारण तिला त्याची गरजच नव्हती. सरकारने तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. गाडीला माल मिळो वा न मिळो, लंडनच्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणारच. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून काढायचे. अनिश्चितता नाहीशी झाली नव्हती. ती एका खांद्यावरून उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवली होती, आणि तो दुसरा खांदा सारा भरणाऱ्या शेतकऱ्याचा होता. त्यात वऱ्हाडचा कुणबीही आलाच. त्याला कोणी विचारले नव्हते. हमी असलेल्या कंपन्यांनी मैलामागे ठरल्याहून कितीतरी अधिक पैसा ओतला, ही तक्रार पुढे इंग्रज अधिकारीच करू लागले, यात मला तरी काही नवल वाटत नाही. नुकसान दुसऱ्याचे असले म्हणजे माणूस अंदाज फार बारकाईने तपासत नाही.

पण अंदाज बारकाईने तपासला असे एक क्षेत्र होते, ते म्हणजे जमीन. वऱ्हाडच्या मधल्या पट्ट्याला आपण पयनघाट म्हणतो. उत्तरेला मेळघाटचे आणि गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि तिच्यावरचा बालाघाट, आणि मध्ये ही सपाट, काळीभोर दरी. दरीच्या मधून पूर्णा वाहते. इंजिनिअराने रूळ पूर्णेच्या दक्षिणेकडून नेले. त्यामुळे मोठी नदी ओलांडायची वेळ आली नाही. दक्षिणेकडून येऊन तिला मिळणाऱ्या मन, मोर्णा, काटेपूर्णा अशा लहान नद्यांवर पूल बांधून भागले. चढउतार नाही, बोगदा नाही. काळी माती ही मात्र इंजिनिअराची सवत. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात, आणि तिच्यावर टाकलेला भराव बसेल की सरकेल याचा नेम नसतो. म्हणून जिथे मुरूम आणि दगड हाताशी असेल तिकडे मार्गाचा कल राहतो. अशा वेळी एखाद्या पेठेसाठी मार्गाला वाकडे वळण द्यायचे म्हणजे दर मैलाला भराव, दगड आणि दर गाडीला कायमचा जादा कोळसा.

अमरावती का सुटली याचे कारण, मला वाटते, इथेच आहे. अमरावतीवरून जायचे तर बडनेऱ्यापासून उत्तरेला वळायचे, आणि तिथून पूर्वेला पाहावे तर पोहऱ्याच्या जंगलातल्या टेकड्या आडव्या. पुन्हा दक्षिणेला येऊन चांदूरची वाट धरायची. नागपूर गाठायच्या घाईत असलेल्या इंजिनिअराने सरळ रेघ ओढली, आणि अमरावतीचा व्यापारी सहा मैल गाडी हाकीत येईल असे गृहीत धरले. पाचशे मैल मिर्झापूरला जाणाऱ्याला सहा मैलांचे काय ओझे, हा विचार वरवर पाहता चूक नव्हता. खामगावची गोष्टही तशीच. ते डोंगराच्या पायथ्याकडे, रूळ दरीच्या मध्याकडे.

मग आले १८६१ साल. अमेरिकेतल्या युद्धाने तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातला शेतकरी कधी नव्हे तो नाणे खुळखुळवू लागला. अशा वेळी आगगाडी असायला हवी होती! आणि ती कुठे होती? थळ घाटातले काम चालले होते. घाटातून गाडी सुरू झाली ती १ जानेवारी १८६५ रोजी. एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले, आणि जुलैत मुंबईचा शेअरबाजार फुटून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. नागपूरला पहिली गाडी पोचली फेब्रुवारी १८६७ मध्ये. म्हणजे ज्या तेजीसाठी सारे जग वऱ्हाडकडे पाहत होते, ती संपून दीड-दोन वर्षे लोटल्यावर रूळ तयार झाले. बर्कली तर १८६२ मध्येच वारला. घाटही पुरा झालेला त्याने पाहिला नाही.

तेव्हाचा एखादा जाणता माणूस म्हणाला असता की हा पैसा पाण्यात गेला. आणि आता पाहा काय झाले. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून लिव्हरपूलचा समुद्रप्रवास आफ्रिकेचा वळसा चुकवून आगबोटीने कितीतरी लवकर होऊ लागला. १८७० मध्ये समुद्रातून घातलेली तार मुंबईला पोचली, आणि विलायतेचा भाव आठवडे न लागता पेढीवर कळू लागला. या दोन्ही गोष्टी मार्ग आखताना कोणाच्याच हिशेबात नव्हत्या. मार्ग आखला एका कारणासाठी, तो अपुरा ठरला दुसऱ्या कारणाने, आणि फळास आला तिसऱ्याच कारणाने. पुढे ज्यांना आपण दूरदृष्टीचे म्हणतो, त्यांच्यापैकी कित्येकांचे असेच असते. त्यांनी जे पाहिले ते घडले नाही, जे घडले ते त्यांनी पाहिले नव्हते, पण रूळ मात्र जागेवर होते.

सहा मैलांचा हिशेबही चुकला होता, आणि तो कसा चुकला हे पाहण्यासारखे आहे. कापूस वजनाने हलका आणि आकाराने मोठा. मोकळ्या बोद्र्यांत भरलेला कापूस मालडब्यात घातला तर डबा भरून जातो, पण वजनाने अर्धाही भरत नाही. डब्याचे भाडे परवडायचे तर सरकी काढून रुईची दाबून गाठ केली पाहिजे. मुंबईची पक्की गाठ ३९२ पौंडांची. ती बांधायला वाफेचे प्रेस लागतात, आणि प्रेस उभा राहतो तो पेठेत, जिथे माल येतो, अडत्या बसतो, पैसा उधार मिळतो. बडनेऱ्याला रूळ होते, पण पेढ्या नव्हत्या. अमरावतीचे सावकार, वखारी, तोलणारे आणि भाव फोडणारे काही रूळ पाहून सहा मैल सरकले नाहीत. शिवाय हा सारा माल येतो तो दिवाळीनंतरच्या चार-सहा महिन्यांत. पावसाच्या आत तो मुंबईला उतरला पाहिजे, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी डबे हवेत. हंगामात स्टेशनावर गाठींची थप्पी लागलेली आणि डबे नाहीत. पावसाळ्यात डबे रिकामे आणि माल नाही. जाताना गाडी भरून जाते, येताना थोडे मीठ, थोडे विलायती कापड आणि पुष्कळसा वारा घेऊन येते. मालगाडीचा मार्ग आखणाऱ्याची खरी डोकेदुखी ही. वर्षाचा आकडा दिसायला छान असतो. पण माल काही वर्षभर सारखा वाटून येत नाही, आणि दोन्ही दिशांनी सारखा जात नाही.

त्या वेळी मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांसाठी सरकारने खास कापूस कमिशनर नेमला होता. हॅरी रिव्हेट-कार्नाक त्याचे नाव. पेठा, प्रेस, रस्ते आणि स्टेशन यांची सांगड घालायची हे त्याचे काम. मुख्य मार्ग हलवणे आता शक्य नव्हते. पण लहान फाटा काढता येत होता, आणि आता माल किती येतो हे डोळ्यांपुढे दिसत होते. जलंबहून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा सरकारी खर्चाने झाला, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावास येऊन त्याचे उद्घाटन करून गेला. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीचा सहा मैलांचा फाटा सुरू झाला. व्हाइसरॉयाने आठ मैलांच्या फाट्यासाठी वऱ्हाडात यावे, यावरून कापसाची मातब्बरी ओळखा.

या दोन फाट्यांत मला एक शहाणपण दिसते. आधी थोडे करावे, मालाने वाट दाखवावी, मग पुढचे पाऊल टाकावे. चौदा मैल रूळ म्हणजे मुख्य मार्गाच्या मानाने चिमूटभर. चुकले असते तरी बुडाले असते ते थोडके. आणि हे रूळ मुख्य मार्गाच्याच रुंदीचे असल्यामुळे अमरावतीला भरलेला डबा न उघडता मुंबईच्या बंदरात जाऊन उभा राही. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, कारण चाळीस वर्षांनी ती विसरली गेली.

मधल्या काळात रुळांनी वऱ्हाडच्या शेताचा चेहरामोहरा बदलला. गाडी आली म्हणून कापूस वाढला, आणि कापूस वाढला म्हणून गाडीला माल मिळाला. अंदाजानेच आपले फळ पिकवून घेतले म्हणा ना. पण ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, आणि ज्या पेवांत दोन-दोन वर्षांचे धान्य असे ती पेवे रिती होऊ लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत याची परीक्षा झाली. दुसरा दुष्काळ फार भयंकर. आगगाडीने बाहेरून धान्य आणले, यात शंका नाही. ती नसती तर हाल याहून वाढले असते. पण स्टेशनावर पोते उतरले म्हणून ते मजुराच्या चुलीपर्यंत जातेच असे नाही. हाताला काम नव्हते, गाठीला पैसा नव्हता. धान्य होते आणि माणसे मेली. वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर लक्ष्मण सत्या या इतिहासकाराचा इंग्रजी ग्रंथ १९९७ साली आला आहे, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. मार्ग आखणाऱ्या कचेरीत मालाचा, भाड्याचा, व्याजाचा विचार झाला. ज्वारीच्या पेवाचा रकाना त्या कोष्टकात नव्हताच.

आता पूर्णेच्या उत्तरेकडे आणि पयनघाटाच्या दक्षिणेकडे वळू. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर हा सगळा उत्तरेकडचा कापसाचा मुलूख. मुख्य मार्ग पूर्णा न ओलांडता गेला, त्याची किंमत या मुलखाने चुकवली. दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ. कारंजाला तर १८८६ मध्येच सरकारी नियमांखाली कापसाचा बाजार भरू लागला होता, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानात बाजारपेठांना नियम लावण्याची सुरुवात वऱ्हाडने केली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. बाजार होता, नियम होते, माल होता, रूळ तेवढे नव्हते.

ते आले विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर मध्ये धरून एक फाटा उत्तरेला अचलपूरपर्यंत, दुसरा दक्षिणेला यवतमाळपर्यंत; दोन्ही मिळून सुमारे १८९ किलोमीटर. शिवाय पुलगावहून आर्वीचा एक लहान फाटा. रूळ अरुंद, अडीच फुटांचे. लोक पुढे तिला लाडाने ‘शकुंतला’ म्हणू लागले.

अडीच फुटांचेच रूळ का? कारण माल किती मिळेल याची खात्री नव्हती. अरुंद मार्गाला भराव कमी, पूल हलके, वळणे तीव्र चालतात, इंजिन लहान. पैसा थोडा घालायचा, तोटा झाला तर थोडाच व्हायचा. अनिश्चित परिस्थितीत हे धोरण नावे ठेवण्यासारखे मुळीच नाही. पण त्यात एक खोच होती. अचलपूरची गाठ मूर्तिजापूरला आली की ती लहान डब्यातून काढायची, फलाटावर ठेवायची आणि मोठ्या डब्यात पुन्हा चढवायची. हमाली आली, खोळंबा आला, पावसाची सर आली तर भिजणे आले. मालवाहतुकीत चालत्या चाकाला खर्च थोडा, खरा खर्च चढवण्या-उतरवण्याचा. गाडीला बैलगाडीशीच स्पर्धा होती तोवर हे खपून गेले. मोटारट्रक आला आणि हिशेब उलटला. जिनातून निघालेली गाठ ट्रकात एकदा चढली की जिथे जायची तिथेच उतरते. मूर्तिजापूरच्या फलाटावर तिचे काय काम?

शकुंतलेची आणखी एक कहाणी अशी की १९५१ मध्ये जी. आय. पी. मध्य रेल्वेत विलीन झाली, तरी या रुळांची मालकी त्या खाजगी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे. अशा घरात डागडुजी कोणी करायची? भाडेकरू म्हणतो घर माझे नाही, मालक म्हणतो राहतो मी नाही. वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलात काढून डिझेलचे लावले, वेग मात्र बैलगाडीची आठवण देणाराच राहिला, आणि अखेर या मार्गावरच्या गाड्या थांबल्या. ती रुंद करून द्या, ही मागणी अचलपूर-यवतमाळकडचे लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. थोडक्या पैशात सुरुवात करणे शहाणपणाचे होते. पुढे वाढवण्याची तरतूद मनात न ठेवता सुरुवात करणे महागात पडले. खामगाव-अमरावतीचे फाटे आखूड, पण मुख्य रुळांशी जोडलेले. ते टिकले. शकुंतला लांब, पण तुटक.

आणि ती शाखेची गंमत? भुसावळहून जबलपूरचा मुख्य मार्ग १८७० मध्ये पुरा झाला आणि मुंबई-कलकत्ता गाडी त्यावरून धावू लागली. नागपूरची शाखा नागपूरला येऊन थांबली होती. पुढे छत्तीसगडकडे मीटरमापाचे रूळ पडले, ते बेंगाल नागपूर रेल्वेने घेऊन रुंद केले, १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेले आणि १९०० मध्ये हावडा गाठला. झाले! मुंबईहून कलकत्त्याला जवळची वाट आता वऱ्हाडातून. शाखा होती तिचा राजमार्ग झाला. आज अकोला-बडनेऱ्याच्या रुळांवर उभे राहून मालगाड्या मोजल्या तर कापूस क्वचित दिसेल. दिसेल तो कोळसा, पोलाद, सिमेंट आणि पेट्यांत बंद केलेला माल. अकोला जिल्ह्यातले पारसचे वीजकेंद्र या मार्गाच्या काठीच आहे, आणि ते कोळशावर चालते. बैलांचे हिशेब पाहणाऱ्या त्या कारकुनाला कोणी सांगितले असते की बाबा रे, तुझ्या या कापसाच्या वाटेने पुढे विजेसाठी दगडी कोळसा जाणार आहे, तर त्याने वीज म्हणजे काय हे आधी विचारले असते.

स्वातंत्र्यानंतर अकोल्याच्या वाट्याला एक नवा निर्णय आला. उत्तरेकडचे मीटरमापाचे रूळ खांडव्याला संपत, दक्षिणेकडचे हिंगोलीला. मध्ये सातपुडा आणि पयनघाट. १९६० च्या आसपास हे दोन तुकडे अकोल्यावरून जोडले गेले. मेळघाटात धूळघाटपाशी रूळ स्वतःभोवतीच वेटोळे घालून डोंगर चढले. ते वेटोळे पाहायला लोक मुद्दाम जात. पुढे सगळीकडचे मीटरमाप मोडून रुंद करण्याचे धोरण आले. अकोल्याच्या दक्षिणेचा भाग रुंद झाला, उत्तरेकडची गाडी २०१७ च्या आरंभी थांबली, आणि अकोट-अकोला हा तुकडा २०२२ च्या नोव्हेंबरात रुंद मापावर पुन्हा सुरू झाला. अकोटच्या पुढे मात्र घोडे अडले. जुनी वाट मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून जाते. लहान गाडी दिवसातून दोन-चार वेळा हळू जात होती तेव्हा वाघाने ती सोसली. रुंद मार्ग झाला की मालगाड्या रात्रंदिवस धावणार. त्या किती असतील आणि त्यांचे जंगलावर काय होईल, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दुसरी वाट जंगलाबाहेरून, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद-संग्रामपूरकडून. ती सुमारे ३० किलोमीटरने लांब पडते, पण वाटेत गावे आहेत, केळी-संत्र्यांच्या बागा आहेत, माणसे आहेत. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून ही बाहेरची वाट धरावी अशी विनंती केली.

लांबीचा हिशेब कागदावर अचूक मांडता येतो: तीस किलोमीटर जादा रूळ, तीस किलोमीटर जादा इंधन, दर गाडीला, कायमचे. जंगलाच्या बाजूला असा आकडा नाही. पण एक फरक उघड आहे. बाहेरची वाट लांब निघाली आणि माल कमी पडला, तर पैसा जाईल, आणि पैसा पुन्हा उभा करता येतो. आतली वाट चुकीची निघाली आणि जंगल तुटले, तर ते जोडायला कुठला फाटा काढणार? माझे मत बाहेरच्या वाटेकडे आहे, आणि ते वाघाच्या प्रेमापोटी जेवढे आहे तेवढेच खामगावच्या आठ मैलांच्या अनुभवापोटीही आहे. वाटेतल्या गावांना बगल दिली म्हणजे मुख्य मार्ग झटपट होतो, आणि पुढे त्याच गावांसाठी फाटे काढावे लागतात.

२०२१ च्याच केंद्रीय अर्थसंकल्पात भुसावळहून खरगपूरवरून दानकुनीपर्यंत केवळ मालगाड्यांसाठी वेगळ्या मार्गाची कल्पना मांडली गेली, आणि तिचा तपशीलवार आराखडा करायचे ठरले. पूर्व-पश्चिम मार्ग असे तिचे नाव. भुसावळहून पूर्वेकडे जायचे म्हणजे पुन्हा पयनघाट, पुन्हा पूर्णेचे खोरे, पुन्हा ती फुगणारी काळी माती. आराखडा करणाऱ्यांपुढे या वेळी बैलांचे हिशेब नसतील, उपग्रहाची चित्रे आणि गणकयंत्रे असतील. कोळसा किती वर्षे जळणार, सूर्याची वीज आली म्हणजे या गाड्या काय वाहणार, कोष्टकात कोणता रकाना घालायचा राहिला आहे, हे त्यांना विचारायला हवे. आणि अमरावती-अकोल्याच्या लोकांनी ते रूळ पडायच्या आधी विचारलेले बरे.